कॉफीला कुणी हात लावायचा नाही

मी जर्मन पोलिसांपुढे सायकली चोरल्याची कबुली दिलेली आहे. कोर्टात उभी राहून सांगितलं आहे की माझ्या दोन्ही बायका गुण्यागोविंदाने नांदतात. हाडांच्या डॉक्टरांकडे बसून ‘दाढी करताना मान वळत नाही’ अशी तक्रारही केली आहे. हे सगळं अत्यंत गंभीर चेहऱ्याने.

मी दुभाषी होते. अरबी आणि जर्मनच्या मधली. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. ‘हे म्हणताहेत की यांनी सायकल चोरली’ असं नाही, सरळ ‘मी चोरली’. दुसरा नियम, पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. शिवी आली तर शिवी द्यायची. हुंदका आला तर मात्र गप्प बसायचं, त्याचं भाषांतर कुणी मागत नाही.

मराठी बाई हॅनोव्हरमध्ये बसून अरबी कशी बोलते, हे मला प्रत्येक ऑफिसात एकदा तरी विचारलं गेलं. त्यात गूढ काही नाही. लग्नानंतर ह्यांना सिमेंटच्या कारखान्यात नोकरी लागली ती जॉर्डनच्या उत्तरेला, सीरियाच्या सीमेजवळ. घरमालकिणीला इंग्रजी येत नव्हतं आणि तिला गप्पा मारल्याशिवाय करमत नव्हतं. सात-आठ वर्षांत तिने मला भाजी निवडता निवडता तिची भाषा शिकवली. पुढे ह्यांची कंपनी बदलली, आम्ही हॅनोव्हरला आलो, मी इथे रीतसर परीक्षा देऊन शपथबद्ध दुभाषी झाले. बरीच वर्षं आठवड्याला एखादा टेर्मिन, म्हणजे ठरलेल्या वेळेचं काम, मिळालं तरी खूप, अशी स्थिती होती. मग २०१५ उजाडलं, सीरियातून माणसं आली, आणि माझा फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. ती माणसं जॉर्डनच्या सीमेला लागून असलेल्या, दक्षिणेकडच्या हौरान भागातली असली की माझं अरबी ऐकून चकित व्हायची. ‘उम्म अमेय, तुम्ही तर आमच्या मावशीसारख्या बोलता!’ उम्म अमेय म्हणजे अमेयची आई. त्यांच्यात माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. आमच्या अमेयला मात्र ना अरबी येतं ना तो मराठीत उत्तर देतो. तो म्हणतो, ‘जा, मामा,’ म्हणजे जर्मनमध्ये ‘हो, आई.’ तो मला मामा का म्हणतो, हे पुण्याच्या नातेवाइकांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

दुभाषाला काय काय भोगावं लागतं याचा एक मासला सांगते. एक म्हातारबाबा गुडघ्याच्या डॉक्टरांकडे आले होते. डॉक्टर म्हणाले, ‘दुखतं का?’ बाबा म्हणाले, ‘अल्हम्दुलिल्लाह.’ देवाची कृपा. ‘जिना चढताना?’ ‘देवाची कृपा.’ ‘रात्री झोप लागते?’ ‘देवाची कृपा.’ डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, माणूस ठणठणीत आहे म्हणून. अशा वेळी आम्हाला एक वाट मोकळी असते. ‘हे आता दुभाषी स्वतःच्या वतीने बोलते आहे,’ असं आधी सांगून आपण खुलासा करू शकतो. मी सांगितलं की हे गृहस्थ तक्रार करणं पाप समजतात, त्यांना खुर्चीवरून उठायला लावा. बाबा उठताना जे काही म्हणाले त्यात देवाचं नाव होतं, पण कृपा नव्हती.

पण मला सांगायचं आहे ते एका भांडणाबद्दल. २०१७ सालचं. माझ्या सबंध नोकरीत मी दुभाषी म्हणून कधी एवढी घाबरले नाही आणि एवढी हसलेही नाही.

हॅनोव्हरच्या पूर्वेकडच्या एका वस्तीत चार मजली इमारत होती, बिनलिफ्टची. तिसऱ्या मजल्यावर अबू खलील यांचं कुटुंब, पहिल्यावर अबू युसुफ यांचं. दोघंही हौरानमधले, शेजारशेजारच्या गावांतले, इथे आल्यावर ओळख झालेले. दोघांचे थोरले मुलगे, खलील आणि युसुफ, विशीतले. एका दुपारी तळघरात, जिथे सगळ्यांच्या सायकली असतात तिथे, खलीलने आपल्या सायकलीला कुलूप लावताना चुकून शेजारची युसुफची सायकलही त्यात अडकवली. युसुफला कामावर जायचं होतं. बाचाबाची झाली, घरच्यांवर बोलणं गेलं, युसुफने ढकललं, आणि खलील दगडी पायऱ्यांवर उजव्या हातावर पडला. दोन बोटांची हाडं मोडली. शस्त्रक्रिया करून आत तारा घालाव्या लागल्या. खलीलला त्याच सुमाराला दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत आउसबिल्डुंगची, म्हणजे शिकाऊ उमेदवारीची, जागा मिळालेली. ते काम पूर्ण बोटांचं.

पोलिसात तक्रार झाली. जर्मनीत अशा तरुण मुलांच्या प्रकरणात सरकारी वकील कधी कधी आधी समेटाची संधी देतात. ज्याने मारलं आणि ज्याला लागलं त्यांना एका मध्यस्थी केंद्रात समोरासमोर बसवतात. समेट झाला तर वकील तो विचारात घेतात, नाहीतर खटला आहेच. त्या केंद्रातले मध्यस्थ होते हेर लिंडेमान, जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत. साठीला आलेले, उंच, वाळके, वाक्याची सुरुवात नेहमी ‘आल्झो’ने, म्हणजे ‘तर मग’ने, करणारे. गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र कायम. मी त्यांच्याबरोबर बरीच प्रकरणं केली होती आणि मला ते आवडायचे, कारण ते एका वेळी एकच वाक्य बोलत आणि मग माझ्यासाठी थांबत. दुभाषाला याहून मोठं सुख नाही.

पहिली बैठक केंद्रात झाली. गोल टेबल, गॅसचं पाणी, बिनगॅसचं पाणी, कोपऱ्यात कुंडी. हेर लिंडेमान यांनी सगळ्यांना आपापल्या भावना ‘मला असं वाटतं’ अशी सुरुवात करून मांडायला सांगितलं. युसुफने पाठ करून आणलेलं जर्मन वाक्य म्हटलं, मला वाईट वाटतं, पुन्हा असं होणार नाही. खरंच वाईट वाटत होतं त्याला, मान वर होत नव्हती. अबू खलील यांनी ते ऐकलं, ग्लासातलं पाणी संपवलं आणि उठले.

‘याने ऑफिसात माफी मागितली,’ ते म्हणाले. ‘तर ऑफिसने याला माफ करावं. मला लागलंय ते माझ्या घरी लागलंय.’

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. हेर लिंडेमान म्हणाले, ‘आल्झो. मग त्यांना नक्की काय हवंय?’

हवं होतं ते असं, की युसुफच्या बाजूची वडीलधारी माणसं चालत त्यांच्या दारात यावीत, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. याला त्यांच्याकडे जाहा म्हणतात. मानाच्या माणसांचं शिष्टमंडळ. भांडण मिटवायला जाहा, मुलीला मागणी घालायलाही जाहा.

ती येईपर्यंतही एक रीत असते. ज्यांच्याकडून चूक झाली त्यांनी समोरच्यांच्या नजरेस पडायचं नाही. अबू युसुफ यांचं सगळं घर तळघराच्या मागच्या दाराने ये-जा करू लागलं. कचरा टाकायला जायचं तर आधी कानोसा घ्यायचा, वरच्या मजल्यावरून पावलं वाजली की आत वळायचं. इमारतीच्या हाउसमाइस्टरने, म्हणजे देखभाल करणाऱ्या गृहस्थाने, हेर लिंडेमान यांना फोन करून सांगितलं की मागचं दार सताड उघडं असतं ही तक्रार आहे, पण इमारत इतकी शांत कधीच नव्हती, तेव्हा भांडण मिटवायची फार घाई करू नका.

शिष्टमंडळाला पुढारी लागतो, ज्याच्या शब्दाला वजन आहे असा. तो सापडला ब्राउनश्वाइगला. उस्ताद सलीम. गावाकडे अरबी शिकवणारे निवृत्त मास्तर. पांढरीशुभ्र मिशी, कोटाच्या खिशात रुमालाची घडी. त्यांना हेर लिंडेमान यांना आधी भेटायचं होतं, कारण त्यांच्या मते सरकारी माणूस शिष्टमंडळात असला तर शोभा येते.

त्या भेटीत उस्तादांनी सगळं समजावलं. कोण आधी जिना चढणार, कोण मागे. कोण कुठे बसणार. घरमालक कॉफी देईल, ती प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवली जाईल, पण कॉफीला कुणी हात लावायचा नाही. मग उस्ताद बोलणार. मग अबू खलील कठोर अटी घालणार: या कुटुंबाने शहर सोडावं. मग देवासाठी ती अट सोडणार. मग म्हणणार, बरं, गल्ली तरी सोडावी. ती पाहुण्यांसाठी सोडणार. शेवटी म्हणणार, हे घर सोडावं. आणि ती अट उस्तादांच्या पांढऱ्या मिशीसाठी सोडणार. मग म्हणणार, ‘कॉफी प्या.’ ते म्हटलं की झालं.

हेर लिंडेमान यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘आणि हे सगळं अबू खलील यांना माहीत आहे?’

‘कालच माझं त्यांच्याशी बोलणं झालं. त्यांनीच गल्लीची अट सुचवली.’

‘म्हणजे सगळं आधीच ठरलंय. मग करायचं कशाला?’

उस्ताद म्हणाले, ‘तुमच्या इथे लग्नाच्या कचेरीत नवरा-नवरीला विचारतात ना, हा तुला पसंत आहे का म्हणून? ती दोघं वर्षानुवर्षं एकत्र राहत असतात. कधी कधी त्यांची मुलं पुढच्या रांगेत बसलेली असतात. मग विचारतात कशाला?’

हेर लिंडेमान यांनी मान डोलावली. ‘गेनाऊ,’ म्हणजे अगदी बरोबर, ते म्हणाले. मग त्यांनी एकच गोष्ट ठासून सांगितली. घर सोडणं, शहर सोडणं असलं काही खऱ्या कागदात येणार नाही. कायदा आपल्या जागी राहील. उस्तादांनी छातीवर हात ठेवला. ‘कायद्याला कोण हात लावतंय? कायदा मुलाचं बघेल. आम्ही जिन्याचं बघतो.’

मला हे सगळं ऐकताना कॉलेजातल्या एकांकिका आठवत होत्या. मी विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करायचे. कोणाचं वाक्य कुठे संपतं, कोण कुठून येतो, कोणाला पॉज घ्यायची हौस आहे, हे मला तोंडपाठ असे. उस्तादांना पॉजची फार हौस होती.

शनिवारचा दिवस ठरला. वेळ सकाळी अकराची, कारण हाउसमाइस्टरचं म्हणणं पडलं की एक ते तीन रूहेत्साइट असते, शांततेची वेळ, समेट असला तरी.

ट्रामच्या थांब्यापासून आम्ही चालत निघालो. उस्ताद सलीम पुढे. त्यांच्या मागे हिल्डेसहाइमचे एक डॉक्टर, मशिदीतले एक आजोबा, बाकीची माणसं कोट घालून, एकाही तोंडावर हसू नाही. हेर लिंडेमान यांनी टाय लावला होता. अबू युसुफ सगळ्यात शेवटी, उघड्या डोक्याने, हात पुढे बांधून. जिन्यावर पावलांचा असा आवाज झाला की दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राऊ क्र्यूगर दार उघडून बाहेर आल्या. ऐंशीच्या आसपासच्या, हातात मांजर.

‘कुणी गेलं का?’ त्यांनी मला विचारलं.

‘नाही, उलट,’ मी म्हटलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. बाईंनी मांजर खाली ठेवलं. ‘वर एवढ्या खुर्च्या आहेत का?’ नव्हत्या. त्यांनी आपल्या चार दिल्या, आणि युसुफला, ज्याला बोलावणं येईपर्यंत जिन्यातच थांबायचं होतं, ‘उभा काय राहतोस’ म्हणून स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. पाचवी खुर्ची त्यांनी वरच्या जिन्यात ठेवली आणि त्यावर स्वतः बसल्या.

खोली लहान होती. माणसं भिंतीला टेकून दाटीवाटीने बसली. बायका आत स्वयंपाकघरात. बाहेरच्या खोलीत बाई अशी मी एकटीच, आणि तीही आवाज म्हणून. अबू खलील यांनी स्वागत केलं, पण हसले नाहीत. बिनकानाच्या इवल्या कपांतून कॉफी आली. वेलदोड्याचा घमघमाट. उस्तादांनी कप आपल्या पुढ्यात ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हेर लिंडेमान यांचा हात सवयीने कपाकडे निघाला, माझ्याकडे लक्ष गेलं, आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घालून टाकले. पुढचा सगळा वेळ ते तसेच बसून होते.

उस्ताद बोलू लागले. काय ती भाषा! रोजच्या बोलण्यातली नाही, पुस्तकातली, एकेक शब्द चांदीच्या ताटात ठेवल्यासारखा. मी हेर लिंडेमान यांच्या कानाशी कुजबुजत भाषांतर करत होते आणि जर्मनमध्ये ते सगळं खतांच्या जाहिरातीसारखं वाटत होतं. ‘आम्ही आमच्या माना तुमच्या उंबऱ्यावर ठेवायला आलो आहोत,’ उस्ताद म्हणाले. हेर लिंडेमान यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. ‘दुभाषी स्वतःच्या वतीने सांगते,’ मी पुटपुटले, ‘हे शब्दशः घ्यायचं नाही.’

मग अबू खलील यांची पाळी. ‘यांनी शहर सोडावं,’ ते गरजले. लगेच, ‘देवासाठी मी ते सोडतो.’ सगळ्यांनी देवाचे आभार मानले. ‘यांनी ही गल्ली सोडावी.’ थोडं थांबून, ‘माझ्या पाहुण्यांसाठी मी ते सोडतो.’ पुन्हा आभार. सगळं ठरल्याबरहुकूम चाललं होतं. उस्तादांचा उजवा हात मिशीकडे निघाला होता, कारण पुढचं वाक्य मिशीवर होतं.

‘यांनी हे घर सोडावं,’ अबू खलील म्हणाले.

आम्ही वाट पाहिली.

ते काही बोलले नाहीत. उस्तादांनी हळूच खाकरून दाखवलं. अबू खलील यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते दाराजवळ बसलेल्या अबू युसुफकडे बघत होते. आणि मग जे बोलले ते पुस्तकातल्या भाषेत नव्हतं.

‘मी त्या पोराला समुद्रातून आणला. रबरी होडीत रात्रभर मी त्याचा हाच हात धरून बसलो होतो, हा उजवा. चालत आलो, कुंपणांखालून आलो. या हाताला खरचटलं नव्हतं. आणि आता इथे, जिथे कुणी कुणावर गोळी झाडत नाही, तिथे सायकलीच्या तळघरात... वीस वर्षांच्या मुलाला मी घास भरवतो. तो मान फिरवून घेतो, मला त्याचं तोंड दिसू नये म्हणून. नाही. घर सोडावं लागेल.’

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. प्रथमपुरुषी, नियमाप्रमाणे. ‘मी त्याचा हात धरून बसलो होतो.’

हे नाटकातलं नव्हतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. उस्ताद सलीम यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी वाक्य विसरलेला नट विंगेकडे पाहतो तसं. पण दुभाषाला प्रॉम्प्टिंग करता येत नाही. त्यांनी सावरून मिशीचा मान मागितला, तो मिळाला नाही. डॉक्टरांनी दोन शब्द सांगून पाहिले. अबू खलील मान हलवत राहिले. एवढी माणसं, एवढे भरलेले कप, आणि कुणी उठूही शकत नाही. कॉफी न पिता शिष्टमंडळ परत जाणं म्हणजे भांडण आता दोन घरांचं राहत नाही, आलेल्या प्रत्येक माणसाचं होतं. अबू युसुफ यांचे भाऊ ब्रेमेनला होते, अबू खलील यांचे चुलतभाऊ डॉर्टमुंडला. दोन्हीकडे फोन तयार होते, हे मला माहीत होतं. मला खरीखुरी भीती वाटली.

शेवटी अबू खलील म्हणाले, ‘समजा, मी मानलं. जामीन कोण?’

जामीन हा प्रकार त्यांच्याकडे फार मोठा. त्यांचा शब्दप्रयोग आहे, ‘हे माझ्या चेहऱ्यात आहे.’ म्हणजे या समेटाला कुणी धक्का लावला तर चेहरा माझा काळा होईल.

‘मी आहे,’ उस्ताद म्हणाले.

‘उस्ताद, तुम्ही ब्राउनश्वाइगला राहता. उद्या या जिन्यात काही झालं तर तुम्ही कधी येणार? गाडी वेळेवर आली तरी तासभर जाईल.’ त्यांनी हात उचलला आणि बोट दाखवलं. ‘हा.’

बोट हेर लिंडेमान यांच्याकडे होतं.

मी भाषांतर केलं, चेहऱ्याचा अर्थही सांगितला. हेर लिंडेमान यांनी हात मांड्यांखालून काढले. ‘आल्झो,’ ते म्हणाले. ‘मी तटस्थ मध्यस्थ आहे. अशी हमी देणं माझ्या अखत्यारीत येत नाही.’

मी ते अरबीत सांगितलं.

‘अखत्यार कुणी मागितलाय?’ अबू खलील म्हणाले. ‘मी चेहरा मागितला.’

मी तेही सांगितलं. हेर लिंडेमान एकदा कपाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना काहीच सुचवू शकत नव्हते. मग त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र डोक्यावरून काढलं. त्याची दोरी नीट गुंडाळली, अगदी सावकाश, त्या माणसाला गडबडीत काही करताच येत नसे, आणि ते टेबलावर पालथं ठेवलं.

‘कार्यालय म्हणून मी काही देऊ शकत नाही,’ ते म्हणाले. ‘पण मी इथून दोन थांब्यांवर राहतो. माझं नाव युर्गन. पाचनंतर मी घरी असतो.’

दुभाषाला एवढं चांगलं वाक्य क्वचित मिळतं. मी ते जमेल तितकं सरळ सांगितलं, काही सजवलं नाही.

अबू खलील त्यांच्याकडे टक लावून बघत होते. ‘लग्न झालंय?’

‘जा. झालंय.’

‘बायकोला विचारलंस?’

हेर लिंडेमान जरा गडबडले. ‘नाही. पण ती म्हणेल, बरं झालं, घराबाहेर तरी पडशील.’

पहिल्यांदा मशिदीतले आजोबा हसले. मग डॉक्टर. मग अबू खलील यांच्या ओठांचा कोपरा हलला आणि त्यांनी तो आवरला नाही. त्यांनी अबू युसुफ यांच्याकडे पाहिलं. ‘अरे, बस ना नीट. घर सोडून जाणार कुठे? हॅनोव्हरमध्ये घर मिळतं का कुणाला?’ आणि मग खोलीकडे वळून, मोठ्या आवाजात, ‘कॉफी प्या!’

सगळे हात एकदम पुढे गेले. तेवढ्यात आतून उम्म खलील यांचा आवाज आला, ‘खबरदार कुणी प्याल तर! गारढोण झाली आहे. माझ्या घरात गार कॉफी? आणा ते कप इकडे!’

दोनच अक्षरांची एक अट सबंध शिष्टमंडळाला मान्य करावी लागली: ‘थांबा.’ ताजी कॉफी येईपर्यंत आम्ही पुन्हा हात आवरून बसलो, पण आता सगळे एकदम बोलत होते. हेर लिंडेमान मला विचारत होते की मी नक्की कशाला हो म्हणालो.

युसुफला वर बोलावलं. तो फ्राऊ क्र्यूगर यांच्या हातचा केक खाऊन आला होता, शर्टावर चुरा होता. खलील आतल्या खोलीतून बाहेर आला, हात गळ्यात. आता रीतीप्रमाणे दोघांनी हात मिळवायचे, आणि ते उजवेच. याचा विचार एवढ्या तयारीत कुणीच केला नव्हता. डावा हात पुढे करणं म्हणजे अपमान. दोन्ही पोरं अवघडून उभी. उस्तादांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच युसुफ वाकला आणि त्याने खलीलच्या कपाळाचं चुंबन घेतलं. रडत होता. खलीलने त्याच्या कानाशी जर्मनमध्ये काहीतरी म्हटलं. मी जवळ होते म्हणून ऐकू आलं. ‘पुरे आता, सगळे बघताहेत. आणि तुझी सायकल दुसरीकडे लाव.’

ते मी कुणासाठीच भाषांतरित केलं नाही.

शेवटी पांढऱ्या कापडाला गाठ मारायची असते, समेटाची खूण म्हणून. कापड म्हणजे उम्म युसुफ यांनी दिलेला उशीचा अभ्रा. एकेका वडीलधाऱ्याने एकेक गाठ मारली. हेर लिंडेमान यांना शिडाची होडी चालवायचा नाद, त्यांनी अशी गाठ मारली की ती कशी सोडायची यावर दोन मिनिटं चर्चा झाली. सोडायची नसते, हे नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं.

परतीच्या वाटेवर एकटे उस्ताद नाराज होते. ‘मिशीचं वाक्य राहून गेलं,’ ते ट्रामच्या थांब्यावर मला म्हणाले. ‘चाळीस वर्षं मी समेट करतोय, ते वाक्य कधी वाया गेलं नाही.’

पुढचं थोडक्यात. सोमवारी दोन्ही बाजूंनी केंद्रात रीतसर सह्या केल्या. सरकारी वकिलांनी युसुफला समाजसेवेचे तास दिले आणि खटला तिथेच थांबवला. खलीलला सायकल चालवता येईना, तोवर बोटांच्या व्यायामाला त्याच्याबरोबर ट्रामने युसुफ जायचा. दोघं जिवलग मित्र झाले असं लिहायला मला आवडलं असतं, पण झाले नाहीत. जिन्यात भेटले की बोलतात, एवढंच. खलीलची उमेदवारी काही महिन्यांनी सुरू झाली. एक बोट आजही पूर्ण मिटत नाही. तो म्हणतो, कवळीला त्याने फरक पडत नाही. त्याच्या आईला पडतो.

हेर लिंडेमान यांचं काय झालं ते त्यांनाच ठाऊक होतं. दर पंधरवड्याला अबू खलील त्यांच्या दारात, वांग्याच्या लोणच्याची बरणी घेऊन. फ्राऊ लिंडेमान यांना ते लोणचं इतकं आवडलं की समेट मोडू नये म्हणून सगळ्यात जास्त काळजी त्याच करत.

पुढे केंद्रातल्या वरच्या लोकांना वाटलं की ही पद्धत नेहमीसाठी बसवावी. एक योजना आखली गेली, बैठकीच्या खोलीत थर्मासमधून कॉफी ठेवली गेली, ‘कृपया सूचना मिळेपर्यंत पिऊ नये’ असंही सांगितलं गेलं. एकही प्रकरण त्यातून मिटलं नाही. मला त्याची खंत वाटली, कारण ती माणसं मनापासून झटत होती. दुसऱ्या एका प्रकरणात तर कॉफी पिऊन, गाठी मारूनही एक कुटुंब महिन्याभरात शहर सोडून गेलं. दर वेळी जमतंच असं नाही.

मला मात्र एक प्रश्न छळत होता. वर्षभराने शनिवारच्या बाजारात अबू खलील भेटले. तोवर ते एका रोपवाटिकेत कामाला लागले होते. मी विचारलंच. ‘त्या दिवशी शेवटची अट तुम्ही सोडली नाहीत. ते आधीपासून मनात होतं?’

‘नाही हो, उम्म अमेय. सकाळी बायकोला म्हणालो होतो, अकराला सुरू करू, बाराला संपेल. मला वाटलं होतं माझा राग गेलाय.’ त्यांनी एक टोमॅटो उचलून दाबून पाहिला. ‘पण तो माणूस माझ्या दारात उघड्या डोक्याने बसलेला पाहिला, आणि मला तेव्हा पहिल्यांदा राग आला. त्याआधी इस्पितळ, पोलीस, ऑफिस, सगळीकडे मी खुर्चीवर नीट बसून नीट उत्तरं देत होतो. रागावू कुठे?’

त्यांनी टोमॅटो पिशवीत टाकला.

‘तुमच्याकडे कशी मिटतात भांडणं?’

‘आमच्याकडे बोलणं बंद करतात,’ मी म्हटलं. ‘माझा आणि माझ्या बहिणीचा असाच अबोला होता, बरीच वर्षं.’

‘मग?’

‘मग एका मुंजीत आम्ही समोरासमोर आलो. ती म्हणाली, जेवलीस का? मी म्हटलं, नाही अजून. संपलं.’

‘ती जेवणाचंच का बोलली?’

‘आमच्याकडे तसंच म्हणतात. माफ कर वगैरे कुणी म्हणत नाही.’

अबू खलील मोठ्याने हसले, भाजीवाली वळून बघायला लागली.

‘म्हणजे वाक्य तुमच्याकडेही ठरलेलंच आहे,’ ते म्हणाले. ‘फक्त ते म्हणायला लावणारी माणसं तुम्ही गोळा करत नाही. म्हणून तुम्हाला वर्षं लागतात.’